‘प्रेझेंटली’ म्हणजे आत्ता की नंतर?

प्रश्न असा आला आहे: जुनी इंग्रजी कादंबरी वाचताना ‘ही विल बी हिअर प्रेझेंटली’ असं वाक्य भेटलं. हाताशी असलेल्या शब्दकोशात प्रेझेंटलीचा अर्थ ‘सध्या’ दिलाय. ‘तो सध्या इथे असेल’ हे काही जुळत नाही. मग अर्थ काय? जोडीला ‘अनॉन’, ‘सेनाइट’ आणि ‘ओव्हरमॉरो’ या तीन शब्दांचीही चौकशी केली आहे.

त्या वाक्याचा अर्थ ‘तो येईलच एवढ्यात’. शब्दकोश चुकीचा नाही, तुमचं वाचनही चुकलेलं नाही. या शब्दाची घरंच तीन आहेत, आणि शब्दकोशाने त्यांतल्या एकाचाच पत्ता दिलाय.

मूळ अर्थ ‘तत्क्षणी’. प्रेझेंट म्हणजे समोर हजर असलेला क्षण. जे करायचं ते त्या क्षणात, तो सरायच्या आत. १५व्या शतकापासून हा वापर सापडतो. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये (१६११ साली त्याचा राजदरबारात प्रयोग झाला) प्रॉस्पेरो आपल्या एरियल नावाच्या वायुरूप सेवकाला बाकीच्या मंडळींना घेऊन ये म्हणून सांगतो. एरियल एका शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ प्रॉस्पेरो म्हणतो, हो, पापणी लवायच्या आत. त्यावर एरियल सांगतो की तुम्ही ‘ये’ आणि ‘जा’ म्हणायच्या आत, दोन श्वास घ्यायच्या आत सगळे इथे हजर असतील. म्हणजे एरियलच्या त्या प्रश्नाचं मराठी ‘आत्ताच्या आत्ता?’ असंच करावं लागेल. तिथे ‘थोड्या वेळाने?’ घातलं, तर पुढची सगळी घाई हवेत लटकते.

त्याच १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, तर याहून नामी जागा आहे. मॅथ्यूच्या २१व्या अध्यायात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि ‘प्रेझेंटली’ ते झाड वाळतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातल्या मनात ‘कालांतराने वाळलं’ असा अर्थ लावला होता आणि यात चमत्कार तो काय, झाडं वाळतातच, असं म्हणून पुढे गेलो होतो. बरं, लगेच पुढच्या ओळीत शिष्य थक्क होऊन म्हणतात, ‘हाउ सून’ हे झाड वाळलं! तो ‘सून’ही मी आजचाच वाचला. खरं तर मूळ ग्रीकमध्ये ‘तत्काळ’ असाच शब्द आहे. झाड डोळ्यांदेखत वाळलंय, म्हणून तर शिष्य थक्क झालेत. दोन ओळींत दोन शब्द, आणि दोन्हींनी मला फसवलं.

कारण ‘सून’ हाही मुळात ‘तत्क्षणी’च होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘सोना’, अर्थ ‘लगेच’. बोलणारे ‘लगेच येतो’ म्हणत राहिले आणि उशिरा येत राहिले. ऐकणारेही कानाला खडा लावून बसले: हा लगेच म्हणतो म्हणजे थोड्या वेळाने. तिथून तो शब्द ‘लवकरच’वर उतरला तो आजतागायत तिथेच आहे.

आणि हे एकट्या सूनचं नाही. ‘अनॉन’ घ्या. आज इंटरनेटवर हा शब्द निनावी माणसासाठी वापरतात, त्याचा इथे संबंध नाही. ते ‘अनॉनिमस’चं तोडलेलं रूप. जुना अनॉन म्हणजे ‘ऑन आन’, शब्दशः ‘एकात’. आपल्या ‘एकदम’मध्ये एक दम, म्हणजे एक श्वास आहे, तशीच ही घडण. आजच्या इंग्रजीतल्या ‘अ‍ॅट वन्स’मध्येही तोच ‘एक’ लपलेला आहे. पण अनॉनही घसरला, ‘येतोच हं’वर आला. ती घसरण नेमकी कशी होते, हे पाहायला एक प्रवेश आहे.

१५९८ साली छापून निघालेल्या शेक्सपिअरच्याच ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात, दुसऱ्या अंकात, दारूच्या गुत्त्यात काम करणारा फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्राला थट्टा सुचते. तो फ्रान्सिसला बोलण्यात गुंतवून ठेवतो आणि त्याचा मित्र दुसऱ्या खोलीतून सारखा ‘फ्रान्सिस!’ अशी हाक मारत राहतो. फ्रान्सिस दर हाकेला ओरडतो, ‘अनॉन, अनॉन, सर!’ आणि जागचा हलत नाही, हलू शकत नाही. शेवटी दोघेही एकदम हाका मारतात, आणि कुठे जावं ते न कळून पोरगा मधोमध बावचळून उभा राहतो. याचं मराठी करताना डोकं खाजवायला नको: ‘आलो, आलो, साहेब!’ आलो हा भूतकाळ, म्हणजे खरं तर पोचलोसुद्धा, आणि म्हणणारा अजून दुसऱ्याच खोलीत. अनॉनचा ‘तत्क्षणी’पासून ‘बघू’पर्यंतचा सगळा प्रवास त्या एका पोऱ्याच्या तोंडी ऐकू येतो. विनोदही त्यातच आहे.

‘बाय अँड बाय’चंही तेच. आज तो रमतगमत चालणारा शब्द वाटतो, ‘यथावकाश’च्या चालीचा. पण किंग जेम्स बायबलमध्ये हेरोदियाची मुलगी योहानाचं शिर तबकात घालून मागते ते ‘बाय अँड बाय’ मागते. यथावकाश नव्हे, याक्षणी! दोनच ओळींनंतर राजा ‘इमिजिएटली’ मारेकरी पाठवतो, म्हणजे मागणीत उसंत नव्हतीच. ‘लगेच’ या अर्थाचा ‘डायरेक्टली’ त्यानंतरचा, प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत तो बऱ्यापैकी वक्तशीर राहिला, पण इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये त्याचं ‘ड्रेक्ली’ झालं. तिथे ड्रेक्ली करतो म्हणणाऱ्याकडून आज काम होईल अशी अपेक्षा कोणी धरत नाही.

आपल्याकडे वेगळं काय आहे? ‘आत्ता’ इतका झिजला की खरोखर आत्ता म्हणायचं असेल तर ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणावं लागतं. ‘लगेच’ पुरेना म्हणून ‘लगेच्या लगेच’. इंग्रजांनी शब्द दुणावला नाही, दर वेळी नवा आणला: सून झिजला तेव्हा अनॉन होता, अनॉन झिजला तेव्हा प्रेझेंटली, तोही गेल्यावर ‘इमिजिएटली’, ‘स्ट्रेट अवे’, ‘राइट नाउ’. याच्या उलट, ‘नंतर’ म्हणता म्हणता ‘आत्ता’ झालेला शब्द मात्र माझ्या वाचनात नाही.

घड्याळाचा शब्द अलीकडे सरकल्याचं उदाहरण आहे, ते जाता जाता सांगतो. ‘नून’ म्हणजे आज दुपारचे बारा. पण तो आला लॅटिन ‘नोना’पासून, म्हणजे नववा तास. सूर्योदयापासून मोजलेला नववा तास दुपारी तीनच्या सुमारास पडतो. त्या वेळच्या प्रार्थनेचं नाव तेच, आणि उपवासाच्या दिवशी मठात जेवण मिळायचं ते त्या प्रार्थनेनंतर. भुकेपोटी प्रार्थनाच अलीकडे ओढली गेली असं सांगतात. कसंही असो, १४व्या शतकापर्यंत नून बारावर येऊन बसला होता. आळसाने शब्द पुढे जातात, भुकेने मागे येतात, असं म्हणायला हरकत नाही. ‘मोमेंट’ मात्र मध्ययुगात चक्क मोजलेला होता: तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे ९० सेकंद. कोणी ‘जस्ट अ मोमेंट’ म्हणालं, तर जुन्या हिशेबाने दीड मिनिट थांबायची तयारी ठेवायची.

आता तुमच्या शब्दकोशातल्या ‘सध्या’कडे. हा अर्थ नवा नाही, ‘तत्क्षणी’इतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या लिखाणातून तो १७व्या शतकानंतर मागे पडला, पण स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत टिकला, आणि २०व्या शतकात तिथून पुन्हा सगळीकडे पसरला. काही शुद्धतावादी अजून त्यावर नाक मुरडतात. मला त्यात अर्थ दिसत नाही, कारण खरा घोटाळा फारच क्वचित होतो. ‘इज प्रेझेंटली वर्किंग’ म्हटलं की सध्या. ‘विल कम प्रेझेंटली’ म्हटलं की एवढ्यात. गोष्ट सांगताना ‘प्रेझेंटली ही केम’ आलं की थोड्या वेळाने. अर्थ क्रियापदच ठरवतं. फक्त मजकूर साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा असेल, तर आधी ‘तत्क्षणी’ लावून बघा आणि बसत नसेल तरच पुढे सरका.

मी वर ‘एवढ्यात’ हा शब्द मुद्दाम निवडला. ‘तो एवढ्यात येईल’, ‘तो एवढ्यातच येऊन गेला’, ‘एवढ्यात आमची भेट नाही’, ‘एवढ्यात निघू नकोस’. एक पुढचं, एक नुकतंच घडलेलं, एक अलीकडच्या दिवसांबद्दलचं, एक ‘इतक्या लवकर’. मराठी शिकणारा कोणी हे चार अर्थ मांडून बसला तर प्रेझेंटलीवर वैतागलेल्या माणसासारखाच वैतागेल. आपल्याला मात्र कधी थबकावंसुद्धा लागत नाही.

‘सेनाइट’ सोपा आहे. सेव्हन आणि नाइट यांची संधी: सात रात्री, म्हणजे आठवडा. १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तो सर्रास येतो, नंतर बाद झाला. त्याचा थोरला भाऊ ‘फोर्टनाइट’, चौदा रात्री, ब्रिटिश इंग्रजीत अजून ठणठणीत आहे. दिवसांऐवजी रात्री मोजायची ही सवय फार जुनी. जर्मन टोळ्या दिवस नव्हे तर रात्री मोजतात, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस केली आहे. पण मला मौज वाटते ती आकड्यांची. त्यांच्या सातांना आपण आठवडा म्हणतो, त्यांच्या चौदांना पंधरवडा. पंधरवड्याचं एक वेळ समजू शकतं, पक्षाच्या तिथी पंधरा. आठवड्यात मात्र सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून मोजलेली दिसतात. फ्रेंचही आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवस म्हणतात. रात्र मोजली की टोकाचा दिवस गळतो, दिवस मोजला की तो आत येतो.

राहिला ‘ओव्हरमॉरो’. मॉरो म्हणजे मुळात सकाळ; उद्यासाठी ‘येती सकाळ’ म्हणता म्हणता त्याचा ‘उद्या’ झाला. (आपल्या ‘काल’च्या मुळाशीही पहाटेचाच संस्कृत शब्द आहे, पण तो उलट दिशेला गेला.) ओव्हरमॉरो म्हणजे त्या उद्याच्या पलीकडचा दिवस. १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये तो आहे, पण रुळला नाही. जर्मनांनी आपला तसाच शब्द जपून ठेवला; इंग्रजीला आज ‘द डे आफ्टर टुमारो’ असा चार शब्दांचा वळसा घ्यावा लागतो, आणि गेलेल्या दिवसासाठी पुन्हा तेवढाच दुसरा.

मराठीत ओव्हरमॉरो म्हणजे परवा. कालच्या आदला दिवस म्हणजेही परवाच. तुम्ही भाषांतर करत असाल तर बिनधास्त ‘परवा’ लिहा. ‘परवा गेला’ आणि ‘परवा जाईल’ यात आजवर कोणाची गाडी चुकलेली नाही.