ऑइल संपत नाही, ते गळतं
गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. आमची २०११ ची इनोव्हा आहे. थंडी पडल्यापासून सकाळी सोसायटीच्या गेटातून गाडी वळवताना पुढून घुमल्यासारखा आवाज येतो आणि स्टेअरिंग जड लागतं. पॉवर स्टेअरिंगच्या बाटलीतलं ऑइल खाली गेलं होतं, मिस्टरांनी दोनदा टॉपअप केलं. गॅरेजवाले म्हणतात, ऑइल पूर्ण बदलून टाका. हे काम मी घरी करून बघावं म्हणते. जमेल का?
– एक वाचक भगिनी, पाथर्डी फाटा

उत्तर : ताई, जमेल, आणि तुम्ही स्वतः करणार याचा मला मनापासून आनंद आहे. पण ऑइलचा डबा आणायच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. हे ऑइल जळत नाही आणि आटतही नाही. बाटलीतून पंपात, पंपातून दाबाने रॅकमध्ये (म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या नळीत) आणि रॅकमधून परत बाटलीत, असं ते बंद चक्रात फिरत असतं. मग लेव्हल खाली गेली याचा अर्थ एकच, ते कुठून तरी बाहेर पडलंय. मिस्टरांनी दोनदा टॉपअप केलं म्हणजे गळती दोनदा तशीच सोडून दिली. नवं कोरं ऑइल भरलंत तरी तेही त्याच वाटेने जाईल.

म्हणून आधी गळती शोधा. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय बघा, आणि त्याच्या बरोबर वर टॉर्च मारा. बाटलीच्या पाइपांच्या क्लिपा बघा, पंपाच्या मागची बाजू बघा, प्रेशर पाइपला जिथे धातूचं टोक दाबून बसवलेलं असतं तिथे बोट फिरवा. ओलसर, धूळ चिकटलेला काळा थर लागला तर गळती तिथेच आहे. क्लिप सैल असेल तर काम किरकोळ आहे.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी मात्र लोक करतच नाहीत. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, रॅकच्या दोन्ही टोकांना घड्याघड्यांचे रबरी बूट असतात. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा आणि खाली वाकून बूट दोन बोटांनी दाबा. पोकळ, कोरडा लागला तर ठीक. आत डचमळ जाणवली किंवा घडीतून लाल-तपकिरी थेंब आला, तर रॅकचं सील गेलंय. मग ऑइल बदलायचा खर्च थांबवा आणि रॅकचंच काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी न्या. गळती थांबवणारं औषध म्हणून जी बाटली विकतात तिच्यावर माझा भरवसा नाही. त्याने रबर फुगतं, काही दिवस थेंब थांबतो, पण झिजलेलं सील झिजलेलंच राहतं.

आता आवाजाबद्दल. थंडीत ऑइल घट्ट होतं. आपल्याकडे निफाडच्या बाजूला पारा किती खाली जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडी सुरू केल्यावर पहिले काही क्षण पंप कण्हला तर मी त्याला आजार म्हणत नाही. पण गाडी गरम झाल्यावरही, शालिमारला किंवा भद्रकालीच्या बोळात हळूहळू वळवताना आवाज येत असेल, तर पंप हवा ओढतोय. लेव्हल कमी असेल तर हवा जाते. आणि लेव्हल बरोबर असूनही जाते, कारण बाटलीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपची क्लिप सैल किंवा तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडी, कडक झालेली असते. चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं होतं, रसाबरोबर हवाही येते. बाटलीचं झाकण उघडून बघा. ऑइलवर फेस असेल किंवा ते दुधट, गुलाबी दिसत असेल तर हेच कारण. ती ओ-रिंग अगदी स्वस्त असते. तिच्यापायी चांगले पंप बदलल्याचं मी सातपूरला गॅरेज चालवताना पाहिलंय, आणि गाडीमालकाचा तो पैसा वाया गेलेला पाहून मला आजही वाईट वाटतं.

गळती बंद झाली की मग ऑइल. तुमच्या इनोव्हाला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, डेक्स्रॉन २ किंवा ३ लिहिलेलं, लाल रंगाचं. बाकी वाचकांनी मात्र हे वाचून सरसकट लाल ऑइल आणू नये. काही युरोपियन गाड्यांना हिरवं, वेगळ्या जातीचं ऑइल लागतं. होंडा आणि ह्युंदाई आपापलं वेगळं ऑइल सांगतात. बाटलीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये जे छापलंय तेच घ्या. सिस्टिममध्ये साधारण लिटरभर ऑइल मावतं. धुऊन निघायला जास्त लागतं, म्हणून दोन लिटर आणा.

काम असं करा. जागा सपाट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी हॉर्स स्टँडवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, यात कसलीही सवलत नाही. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड फळी टाका, ब्लॉक एका बाजूने खचतो. इंजिन थंड हवं. चाकं उचलायची ती यासाठी, की इंजिन बंद असताना जमिनीवर टेकलेली चाकं वळवणं हाताला आणि रॅकला दोघांनाही जड जातं.

जनावरांच्या औषधांच्या दुकानात मोठी सिरिंज मिळते. तिला पातळ नळी लावून बाटलीतलं जुनं ऑइल ओढून घ्या. बाटलीच्या तळाशी जाळी दिसते का बघा. ती काळ्या गाळाने बुजलेली असेल तर पंपाला ऑइल पुरत नाही आणि नेमका असाच घुमण्याचा आवाज येतो. जाळी बाटलीत पक्की बसवलेली असेल आणि साफ होत नसेल, तर बाटलीच नवी घ्या.

बाटलीला दोन पाइप दिसतील. जाड पाइप पंपाकडे जातो, बारीक पाइप रॅककडून परत येतो. बारीक पाइपाची क्लिप पक्कडीने मागे सरकवा, पाइप सोडवा आणि बाटलीच्या उघड्या नळीला घट्ट रबरी बूच लावा. सुटलेल्या पाइपाला पारदर्शक नळी जोडून ती वेगळ्या रिकाम्या डब्यात सोडा. आजूबाजूला फडकी पसरा, इंजिनच्या पट्ट्यावर ऑइल पडलं तर पट्टा घसरतो.

आता नवं ऑइल भरा. इथून पुढे दोन माणसं लागतात, मिस्टरांना गाडीत बसवा. चावी एक टप्पा फिरवायची, म्हणजे स्टेअरिंगचं लॉक सुटेल. इंजिन सुरू करायचं नाही. त्यांनी स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. तुम्ही बॉनेटपाशी, नजर बाटलीवर, हातात नवं ऑइल. जुनं ऑइल हबक्याहबक्याने नळीतून बाहेर येईल. बाटली रिकामी होऊ द्यायची नाही. व्हिडिओत काही जण इथे इंजिन सुरू करतात. पंप काही सेकंदांत बाटली कोरडी करतो आणि आत हवा शिरते, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही. नळीत स्वच्छ लाल रंग दिसला की थांबा, पाइप जागेवर लावा, क्लिप नीट बसवा.

मग हवा काढायची. इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग आणखी दहा-पंधरा वेळा या टोकाला त्या टोकाला न्या, लेव्हल बघत राहा. गाडी खाली घ्या, इंजिन सुरू करा, पुन्हा हळूहळू फिरवा. टोकाला नेल्यावर तिथे दाबून धरू नका. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो आणि ऑइल झपाट्याने तापतं. शेवटी इंजिन चालू असतानाची लेव्हल बघून ठेवा आणि बंद करून पुन्हा बघा. बंद केल्यावर ती ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली तर आत अजून हवा आहे, पुन्हा फिरवा. बाटलीवर गरम आणि थंड अशा दोन वेगळ्या खुणा असतात. थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरू नका.

जॅक-स्टँड नसतील तर नुसत्या सिरिंजने बाटली रिकामी करा, नवं भरा, थोडे दिवस गाडी चालवा, पुन्हा तेच करा. चार-पाच खेपांत बरंचसं ऑइल बदललं जातं. वयस्कर माणसांना मी हीच पद्धत सांगतो. बदलायचं कधी? मॅन्युअलमध्ये बहुधा नुसतं ‘तपासा’ असतं. मी साधारण ६०,००० किलोमीटरला बदलतो. त्याआधीही एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघावा. तपकिरी झाला किंवा जळका वास आला तर बदला. चकाकणारे कण दिसले तर पंप झिजतोय.

प्रश्न : वणीच्या गडावरून उतरताना स्टेअरिंग जड झालं. बाटली जवळजवळ रिकामी होती. जवळच्या दुकानात फक्त ब्रेक ऑइल होतं. ते टाकलं असतं तर चाललं असतं का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : नाही भाऊ, टाकलं नाहीत हे फार चांगलं केलंत. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि पॉवर स्टेअरिंगची सिलं खनिज तेलासाठी केलेली असतात. ब्रेक ऑइलने ती फुगतात, मऊ पडतात आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळंच दुरुस्तीला येतं. याच्या उलट एटीएफ ब्रेकच्या बाटलीत पडलं तर ब्रेकची रबरं फुगून ब्रेकच निकामी होऊ शकतात, ते तर जिवावरचं. चुकून एकात दुसरं पडलंच, तर इंजिन सुरू न करता आणि ब्रेकवर पाय न देता आधी मिस्त्रीला बोलवा.

पॉवर गेली तरी स्टेअरिंग चाकांना जोडलेलंच असतं, फक्त जोर लागतो. पण कोरडा पंप चालवत घाट उतरू नका. सुरक्षित जागी गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि योग्य ऑइल मागवून घ्या. एटीएफचा अर्ध्या-एक लिटरचा डबा डिकीत ठेवायला काय हरकत आहे?

प्रश्न : माझ्या वॅगनआरमध्ये ही बाटली सापडतच नाही. कुठे असते?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नसतेच. वॅगनआर, स्विफ्ट, अल्टो यांचं पॉवर स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, त्यात ऑइल नाही. जड लागलं तर चाकांतली हवा, बॅटरी, फ्यूज आणि डॅशबोर्डवरचा स्टेअरिंगचा दिवा बघा.

प्रश्न : काढलेलं जुनं ऑइल टाकायचं कुठे?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : गटारात, नाल्यात, झाडाच्या मुळाशी, कुठेच नाही. आपले नाले नासर्डीत जातात आणि नासर्डी गोदावरीला मिळते. त्याच गोदेवर आपण सिंहस्थात डुबकी मारतो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि जुनं इंजिन ऑइल पिंपात साठवून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्या. लाल ऑइल शीतपेयाच्या बाटलीत सरबतासारखं दिसतं, म्हणून घरात लहान मुलं असतील तर तसल्या बाटलीत ते एक रात्रसुद्धा ठेवू नका. डबा ऑइलचाच वापरा आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘जुनं ऑइल’ लिहा.