विशेष्य गेलं कुठे?

गेल्या काही आठवड्यांत आलेले बरेच प्रश्न एकाच मुळाचे निघाले : इंग्रजीतलं विशेषण आपल्या विशेष्याच्या, म्हणजे ज्याचा गुण ते सांगतं त्या नामाच्या, जागी येऊन बसलं, की त्याला नियम कुठले लावायचे? म्हणून आज हेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यात नववीला इंग्रजी शिकवते. एका मुलाने निबंधात 'द पूअर्स आर सफरिंग' असं लिहिलं. मी लाल रेघ मारली, तर तो म्हणाला, "बाई, मराठीत 'गरिबांचे' चालतं, मग इथे अनेकवचन का नको?" त्याला काय सांगू?

आधी त्याला शाबासकी द्या, कारण शंका रास्त आहे. 'गरीब माणसांचे हाल' म्हणताना प्रत्यय 'माणूस' घेतो आणि 'गरीब' जागचं हलत नाही. माणूस गाळला की तोच प्रत्यय 'गरीब'ला लागतो : गरिबांचे, गरिबाला, गरिबाने. 'शहाण्याला शब्दाचा मार' हे आपण शाळेत पाठ केलं ते याचंच उदाहरण. एक की अनेक ते प्रत्ययच सांगतो. 'आंधळा मागतो एक डोळा' म्हटलं की मागणारा पुरुष आहे, हेही कळतं.

हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजीतही असंच होतं. जुन्या इंग्रजीत 'से ब्लिंडा' म्हणजे तो आंधळा आणि 'था ब्लिंडन' म्हणजे ते आंधळे. पुढे विशेषणांचे प्रत्यय झिजत गेले आणि नुसतं 'ब्लाइंड' उरलं. आता त्यावरून एक की अनेक, बाई की पुरुष, काहीच कळेना. मग इंग्रजीने वाटणी केली. एकाच व्यक्तीबद्दल बोलायचं असेल तर नाम जोडायचं, 'अ ब्लाइंड मॅन'. वस्तू असेल तर 'वन' जोडायचं, 'द रेड वन'. सबंध वर्गाबद्दल बोलायचं असेल तर मात्र नाम गाळता येतं, पण मग आधी 'द' हवं आणि क्रियापद अनेकवचनी हवं. म्हणून 'द पूअर आर सफरिंग'. इथे 'पूअर' अजून विशेषणच आहे. नामाची खुर्ची त्याला बसायला मिळाली आहे, नावावर झालेली नाही. त्यामुळे त्याला एस लागत नाही आणि आधी 'अ'ही येत नाही. 'ही इज अ ब्लाइंड' लिहिलं, तर तो गृहस्थ खिडकीचा पडदा आहे असा अर्थ होईल.

गुणाबद्दल किंवा घटनेबद्दल बोलत असू तर क्रियापद एकवचनी : 'द अनएक्स्पेक्टेड हॅज हॅपन्ड', म्हणजे अनपेक्षित ते घडलं.

मुलगा चौकस दिसतो. उद्या तो 'रिचेस' शब्द पुढे करील आणि विचारील, 'रिच'ला चालतं मग 'पूअर'ला का नाही? 'रिचेस' हे 'रिच'चं अनेकवचन नाही. संपत्ती या अर्थाचा 'रिशेस' हा जुन्या फ्रेंचमधला एकवचनी शब्द इंग्रजीत आला आणि शेवटचा स ऐकून लोक त्यालाच अनेकवचन समजू लागले.

प्रश्न : वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. 'द अक्यूज्ड' एकवचनी की अनेकवचनी?

दोन्ही. आरोपी एक असेल तर 'द अक्यूज्ड वॉज', तीन असतील तर 'द अक्यूज्ड वर'. 'द डिसीज्ड' (मयत) आणि अर्जाखालचं 'दि अंडरसाइन्ड' यांचंही तसंच. वरच्या उत्तरातल्या नियमाला हे अपवाद आहेत आणि ते कायद्याच्या भाषेने जपले आहेत. 'अक्यूज्ड्स' मात्र कधीही लिहू नका.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी मँचेस्टरला गेला आहे. तिथला सहकारी त्याला म्हणाला, 'सी यू ॲट द लोकल.' हा बिचारा स्टेशनवर जायला निघाला! आमच्या ठाण्यात लोकल म्हणजे गाडीच. मग मूळ अर्थ कुठला?

मूळ अर्थ 'स्थानिक', एवढाच. कोणती स्थानिक गोष्ट, ते त्या त्या गावाने ठरवलं. मुंबईत 'लोकल ट्रेन'मधली ट्रेन गळाली, इंग्लंडात 'लोकल पब'मधला पब गळाला. जी गोष्ट रोजच्या बोलण्यात शंभरदा येते, तिचं नाम माणसं गाळतात, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊकच असतं. आपण तर त्यापुढे जाऊन 'फास्ट गेली, आता स्लो पकडू' म्हणतो, आणि फलाटावर कुणालाही त्यात काही गाळलं आहे असं वाटत नाही.

ही वाट जुनी आहे. 'डेली' म्हणजे रोजचं वर्तमानपत्र, 'कॅपिटल' म्हणजे राजधानी, 'म्युझिकल' म्हणजे संगीत नाटक, 'सबमरीन' म्हणजे पाण्याखालची नौका. ही सगळी एकेकाळची विशेषणं, आज पक्की नामं. ओळखायची खूण सोपी आहे : त्यांना एस लागतो, आधी 'अ' येतो. अ डेली, टू डेलीज. यांच्या नावावर खुर्ची झाली, 'पूअर'च्या झाली नाही.

सगळ्यात गमतीचा मासला म्हणजे 'बस'. लॅटिनमध्ये 'ओम्निस' म्हणजे सर्व, हे विशेषण. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ओम्निबुस', म्हणजे सर्वांसाठी. फ्रान्समध्ये भाडं देऊन कुणालाही बसता येईल अशा घोडागाडीला हे नाव पडलं. 1829 मध्ये जॉर्ज शिलिबीरने ती लंडनच्या रस्त्यावर आणली. पुढे लोकांनी शब्दाचं डोकं उडवलं आणि शेपूट तेवढं ठेवलं. म्हणजे आपण ज्या एसटीच्या बसने गावी जातो, तिच्या नावात उरला आहे तो विशेषणाचा नुसता विभक्तिप्रत्यय!

आता मला खरा रस आहे तो मराठीत काय होतं यात. इंग्रजी नामांना व्याकरणातलं लिंग नाही, आपल्याला ते ठरवावंच लागतं. बहुतेक वेळा आपण ते गळालेल्या नामावरून उचलतो. लोकल चुकली, कारण गाडी. मोबाइल हरवला, कारण फोन. फायनल हरलो तरी ती फायनलच, कारण मॅच. ओरल अवघड गेली, कारण परीक्षा. मेडिकल उघडं आहे, कारण दुकान. चायनीज मागवलं, कारण जेवण किंवा खाणं. विशेष्य बोलण्यातून गेलं, पण आपलं लिंग मागे ठेवून गेलं. इंग्रजाला हे कधीच दिसणार नाही, कारण त्याच्या भाषेत ते दिसायला जागाच नाही. आणि हो, मुलाला सांगा, तिकडे 'अ मेडिकल' म्हणजे डॉक्टरी तपासणी. औषधं घ्यायला 'केमिस्ट' शोधावा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. 'गव्हर्नर जनरल'चं अनेकवचन 'गव्हर्नर्स जनरल', पण 'मेजर जनरल'चं 'मेजर जनरल्स' असं का?

कारण दोन ठिकाणचा 'जनरल' एक नव्हे. 'गव्हर्नर जनरल'मधला जनरल विशेषण आहे : सर्वांवरचा गव्हर्नर. ते नामाच्या मागे गेलं ते फ्रेंच वळणामुळे. इंग्लंडात राज्यकारभारावर आणि कायद्यावर फ्रेंचची छाप दीर्घकाळ होती. 'अटर्नी जनरल', 'सॉलिसिटर जनरल', 'कोर्ट मार्शल' ही त्याच घडणीची नावं. एस नामाला लागणार, म्हणून अटर्नीज जनरल, कोर्ट्स मार्शल.

लष्करातला 'जनरल'ही मुळात विशेषणच, 'कॅप्टन जनरल'मधलं. पण तिथे कॅप्टन गळाला आणि जनरल स्वतःच पद होऊन बसला, म्हणून 'जनरल्स'. 'मेजर जनरल' हे मूळच्या 'सार्जंट मेजर जनरल'चं आखूड रूप. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा वरचा, तरी मेजर जनरल लेफ्टनंट जनरलपेक्षा खालचा कसा, हे कोडं त्यामुळे सुटतं. तिथला 'मेजर' मुळात सार्जंट मेजर आहे, आणि सार्जंट हा लेफ्टनंटपेक्षा खालचा.

परीक्षेत 'गव्हर्नर्स जनरल' लिहा. शब्दकोश आता 'गव्हर्नर जनरल्स'ही देतात, पण उत्तरपत्रिकेत कशाला वाद? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तर सॉलिसिटर जनरलना 'जनरल' अशी हाक मारतात, जणू ते फौज घेऊनच आले आहेत.

प्रश्न : 'इंडियन्स', 'जर्मन्स' चालतं. 'चायनीजेस' का चालत नाही?

'इंडियन', 'जर्मन', 'अमेरिकन' ही पूर्ण नामं झाली आहेत. ज्यांच्या शेवटी ईज, स, श किंवा च असा आवाज येतो, ती अर्ध्या वाटेवर राहिली : द चायनीज, द जॅपनीज, दि इंग्लिश, द फ्रेंच, द स्विस. त्या ध्वनींना पुन्हा एस चिकटवणं जिभेला जड जातं. पण पूर्वी लोक ते करत. 17व्या शतकात इंग्रज कवी मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात 'चायनीजेस' लिहिलं आहे. तेव्हा तुमची चूक निदान मिल्टनच्या तोडीची आहे. पुढे 'चायनीज' हेच अनेकवचन समजून काहींनी त्यातून 'चायनी' असं एकवचन काढलं. ते आज अपमानकारक मानतात, वापरू नका.

प्रश्न : एका सामाजिक संस्थेसाठी भाषांतर करतो. 'द डिसेबल्ड', 'द ब्लाइंड' लिहिणं आता अपमानकारक मानतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. आक्षेप शब्दावर नाही, माणूस गाळण्यावर आहे. आपल्या 2016 च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही 'पर्सन्स विथ डिसेबिलिटीज' आहे, म्हणजे व्यक्ती आधी. एसची खूण इथेही उपयोगी पडते. 'ब्लॅक पीपल' म्हणणं ठीक, पण 'अ ब्लॅक', 'ब्लॅक्स' आज कानाला बोचतं. विशेषण पूर्ण नाम झालं की तो एकच गुण सबंध माणसाला व्यापतो.

पण नियम आंधळेपणाने लावला की फजिती होते. जानेवारी 2023 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने ट्विटरवर सल्ला दिला की 'द' लावून माणसांना वर्गात कोंबू नका, आणि उदाहरणांत 'द पूअर', 'द डिसेबल्ड' यांच्या शेजारी 'द फ्रेंच'ही घातलं. अमेरिकेतल्या फ्रेंच दूतावासाने गमतीने स्वतःचं नाव बदलून 'एम्बसी ऑफ फ्रेंचनेस' केलं. वृत्तसंस्थेला ते ट्वीट काढून टाकावं लागलं.

माझं मत असं : संस्थांच्या नावांना हात लावू नका. मुंबईची 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' त्याच नावाने काम करते. अहवालाच्या मजकुरात 'पीपल', 'पर्सन्स' वापरा. आणि ज्यांच्याविषयी लिहिता, त्यांना स्वतःला काय आवडतं ते विचारा. सगळ्यांची आवड एक नसते. स्वतःला ठसक्यात 'ब्लाइंड' म्हणवणारे पुष्कळ आहेत आणि 'दिव्यांग' शब्द न आवडणारेही.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करते. आमचे साहेब दर मीटिंगला 'डिलिव्हरेबल्स' आणि 'ॲक्शनेबल्स' मागतात. हे खरे शब्द आहेत की त्यांच्या घरचे?

'डिलिव्हरेबल्स' (तयार करून हाती द्यायच्या गोष्टी) खरा. 'एबल'वाल्या विशेषणांना एस लावून नामं करण्याची चाल जुनीच आहे : व्हॅल्युएबल्स, पेरिशेबल्स, हिशेबातले पेयेबल्स आणि रिसीव्हेबल्स, प्रवासात बरोबर घेतो ते इटेबल्स. 'ॲक्शनेबल्स' (करायची कामं) त्याच साच्यातला, पण नवा, आणि ऑफिसाबाहेर त्याला फारसं कुणी विचारत नाही. शिवाय वकिलांच्या भाषेत 'ॲक्शनेबल' म्हणजे ज्यावरून दावा लावता येईल असं. मीटिंगनंतरची यादी पाठवताना ती चुकून लीगलवाल्यांकडे जाणार नाही एवढं पाहा.