‘तिकडे स्टाफ नर्स होते, इथे प्रॅक्टिकल नर्स कशी होऊ?’

“दहा वर्षं आयसीयूत काढली, ताई. आणि इथला कागद म्हणतो, तुम्ही अर्ध्याच नर्स.”

ऑन्टॅरिओत समुपदेशन करताना भारतातून आलेल्या नर्सेसकडून ही खंत मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली अनुभवी बाई इथे यायची, कागद तपासायला द्यायची आणि तिला कळायचं की रजिस्टर्ड नर्स (आरएन) म्हणून परवाना मिळणं अवघड आहे, रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स (आरपीएन) म्हणून अर्ज करता येईल. कॅनडाच्या इतर बहुतेक प्रांतांत याच परवान्याला एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) म्हणतात. मग तिच्यापुढे प्रश्न उभा राहायचा: हे स्वीकारलं तर मी स्वतःहून खाली उतरले असं होईल का?

वैशालीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. ती माझ्याकडे आली २०२२च्या हिवाळ्यात, आणि तक्रार परवान्याची नव्हती. झोप लागत नाही, मुलावर उगाच ओरडते, नवऱ्याशी बोलणं नको वाटतं, एवढंच तिने सांगितलं. ती वृद्धाश्रमात रात्रपाळीला पर्सनल सपोर्ट वर्कर म्हणून काम करत होती. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं ही कामं ती मनापासून करायची. पण एखाद्या आजोबांचा श्वास बदललेला तिला आधी कळायचा आणि तरी स्टेथोस्कोप दुसरीच्या गळ्यात असायचा.

दुसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. सांगलीला सासूबाईंना तिने “हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले” असं सांगून ठेवलं होतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाई शेजारणीला कौतुकाने बोलवायच्या, “बघा, आमची सून कॅनडात सिस्टर आहे.” वैशाली हसायची आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडायची. इथे परवान्याशिवाय स्वतःला नर्स म्हणवून घ्यायला कायद्याने बंदी आहे, हे तिला माहीत होतं. सासूबाईंशी बोललेल्या वाक्यावरून कुणी तिला पकडणार नव्हतं. पण ती भीती मनात घर करून होती आणि शरमेत मिसळली होती.

मी तिला विचारलं, “तुमचे नर्सिंगचे कागद तपासून आलेला अहवाल तुम्ही पूर्ण वाचलात का?”

नव्हता वाचला. ‘काही अंशी तुल्य’ एवढा शेरा दिसला आणि तिने तो बॅगेच्या तळाशी ढकलला होता.

आम्ही दोघींनी तो ओळीने वाचला. नॅशनल नर्सिंग असेसमेंट सर्व्हिस, म्हणजे एनएनएएस, ही संस्था २०१४पासून परदेशी नर्सेसचा अभ्यासक्रम कॅनडातल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघते. संस्थेसमोर असतात विषय, तास, नोंदणी आणि नोकरीचे दाखले. रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म वाजल्यावर वैशालीने काय केलं, हे त्या टेबलावर येतच नाही. शिवाय ऑन्टॅरिओत २००५पासूनच्या नियमाप्रमाणे तेव्हा परदेशी शिकलेल्यांनाही आरएनला पदवी लागायची आणि आरपीएनला डिप्लोमा. जीएनएम हा डिप्लोमा आहे. तिच्या बरोबरीची, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलेली मैत्रीण इथे आरएनच्या रांगेत उभी राहू शकली, यात वैशालीच्या कर्तबगारीचा काहीच संबंध नव्हता. हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी नापास झालेले नाही.”

समुपदेशकाने भावनांबद्दल बोलावं आणि कागदपत्रं एजंटकडे सोपवावीत, हे मला पटत नाही. परवान्याच्या वाटेवर अडकलेल्या बाईची निम्मी घालमेल कागदांतच असते. ते टेबलावर मांडले की भीतीला आकार येतो आणि मग तिच्याशी बोलता येतं.

कागदांत एक गोष्ट तातडीची निघाली. परवाना देणारी संस्था, म्हणजे कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ऑन्टॅरिओ, अलीकडच्या तीन वर्षांतला नर्सिंगचा अनुभव मागत होती. वैशालीने भारतातली नोकरी २०१९मध्ये सोडली होती. सपोर्ट वर्करचं काम नर्सिंग म्हणून धरलं जात नाही. “आधी घर स्थिरस्थावर होऊ दे, मग बघू” असं म्हणत ती थांबली होती आणि ती मुदत सरत चालली होती.

इथे तिचा नवरा आड आला. वाईट हेतूने नव्हे. त्याचं म्हणणं, “करायचं तर आरएनच कर, पगारात फरक आहे. कमी कशाला घ्यायचं?” मी दोघांना एकत्र बसवलं. पगाराचा फरक खरा आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नव्हता. पण पदवीसाठी लागणारी वर्षं, फी, मुलाची शाळा आणि तोवर रात्रपाळीचं तेच काम, हा हिशेब त्याने कधी मांडलाच नव्हता. आरपीएन काय करते हेही त्याला ठाऊक नव्हतं. औषधं आणि इंजेक्शनं देणं, जखमेची काळजी, रुग्णाची तपासणी आणि नोंदी, हे सगळं ती स्वतःच्या जबाबदारीवर करते. रुग्णाची प्रकृती गुंतागुंतीची असेल, कधी काय होईल सांगता येत नसेल, तिथे आरएनची गरज वाढते. वृद्धाश्रमांत तर अनेकदा अख्खा मजला आरपीएनच सांभाळते. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पुढे आरएन होता येतं का?” येतं. आरपीएनना पदवीपर्यंत नेणारे ब्रिजिंग अभ्यासक्रम इथे आहेत. तिथून तो तिच्या बाजूने उभा राहिला.

मग सुरू झाली नावाची भानगड. मराठी मुलींना ही फार छळते. मार्कलिस्टवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि वैशालीच्या बाबतीत तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. इथल्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणी दाखला, राजपत्रातली नावबदलाची प्रत आणि प्रतिज्ञापत्र असा संच तिच्या भावाने सांगलीहून जमवला. दाखले शिक्षणसंस्थेकडून आणि कौन्सिलकडून थेट जावे लागतात, आपण पाठवलेली झेरॉक्स चालत नाही. म्हणून ज्यांचं अजून निघायचं आहे त्यांना मी कळकळीने सांगते: व्हिसाच्या गडबडीत नवऱ्याच्या इमिग्रेशनच्या पॉइंट्सचा हिशेब जितक्या बारकाईने होतो, तितक्याच बारकाईने तुमचे नर्सिंगचे कागद भारतात असतानाच मार्गी लावा. नावांचा मेळ आधी घाला. जिथे काम केलं तिथल्या मेट्रनना भेटून फॉर्म कोण भरेल ते विचारून ठेवा.

इंग्रजीसाठी तिने सेल्बन ही परीक्षा निवडली. ती नर्सेससाठीच असते, प्रसंग रुग्णाशी बोलण्याचे असतात आणि तिथे वैशाली मोकळी झाली. अभ्यासातली उणीव भरून काढायला एक छोटा कोर्स करावा लागला. टोरांटोचं केअर सेंटर परदेशी शिकलेल्या नर्सेससाठीच २००१पासून काम करतं. तिथे तिला आपल्यासारख्या बायका भेटल्या, आणि माझ्या खोलीत मिळाला नसता असा धीर तिला त्यांच्याकडून मिळाला.

खरी परीक्षा आरईएक्स-पीएन, म्हणजे प्रॅक्टिकल नर्सच्या परवान्याची परीक्षा. ऑन्टॅरिओ आणि ब्रिटिश कोलंबियात ती जानेवारी २०२२पासून लागू झाली. वेळ चार तास, प्रश्न ९० ते १५०. संगणक तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतो, मागे जाता येत नाही. आपल्याकडे ‘व्याख्या लिहा, कारणे सांगा’ अशी दीर्घोत्तरी सवय. इथे विचारतात, चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल? वैशालीला प्रश्न कठीण होत गेले की छाती धडधडायची आणि सरावातच ती हात टेकायची. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण येतो, ही या परीक्षेची रीतच आहे. म्हणून आम्ही सराव केला तो त्या क्षणाचा: प्रश्न कठीण आला की पाय जमिनीवर टेकवायचे, एक लांब श्वास सोडायचा, आणि वॉर्डात उभी असते तर आधी काय केलं असतं ते स्वतःला विचारायचं. आयसीयूतली दहा वर्षं तिथे कामी आली.

तोवर तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. पण २०२२मध्ये ऑन्टॅरिओत पर्यवेक्षणाखाली काम करून अलीकडचा अनुभव दाखवायची सोय सुरू झाली होती, किमान १४० तासांची. तिने ते तास एका वृद्धाश्रमात पूर्ण केले, नर्सिंगच्या कायद्याची वेगळी परीक्षाही दिली. आज अर्ज करणाऱ्यांनी मात्र वैशालीची वाट जशीच्या तशी धरू नये, कारण त्यानंतर ऑन्टॅरिओने परदेशी शिकलेल्या नर्सेसचे नियम बदलले आहेत. कॉलेजच्या संकेतस्थळावरची आजची अट वाचा, ओळखीच्यांच्या आठवणींवर अर्ज भरू नका.

सासूबाईंना खरं सांगायचं की नाही, हा प्रश्न मी तिच्यावर सोडला होता. परीक्षेच्या आधीच एका रविवारी तिने सांगून टाकलं. सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एवढं एकटीने कशाला गिळलंस गं?” झोप त्या आठवड्यापासून सुधारली, परवाना नंतर आला.

वैशाली आता आरपीएन म्हणून दिवसपाळी करते. ब्रिजिंगची चौकशी तिने केली आहे, पण मुलगा हायस्कूलला जाईपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. या वेळी थांबण्याचा निर्णय तिने हिशेब मांडून घेतला आहे, आणि मला तो योग्य वाटतो.