मासे कोण आणि डबा कोणता?

प्रिय नवलेखकास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा इंग्रजी लेख वाचला. सभेचे वर्णन चांगले साधले आहे. मात्र ‘द हॉल वॉज लिटरली पॅक्ड लाइक सार्डिन्स’ (सभागृह अक्षरशः सार्डिन माशांसारखे खच्चून भरले होते) या वाक्यापाशी अडखळायला झाले, कारण तेथे सभागृहालाच मासा करून टाकले आहे. पूर्वी इंग्रजीत पिंपातल्या हेरिंग माशांची उपमा देत. 19व्या शतकात तेलातल्या सार्डिन माशांचे पत्र्याचे डबे सर्वत्र पोहोचले आणि त्यांत एकमेकांना खेटून रचलेल्या माशांवरून आजची उपमा रूढ झाली. म्हणजे माणसे हे मासे आणि जागा हा डबा. त्यामुळे वाक्याचा कर्ता माणसेच हवीत, आणि तीही अनेक: ‘वी वेअर पॅक्ड इन लाइक सार्डिन्स’. सभागृहाविषयीच सांगायचे असेल, तर ‘द हॉल वॉज पॅक्ड’ एवढे पुरते. फार तर पुढे ‘टू द राफ्टर्स’ (छताच्या वाशांपर्यंत) जोडावे.

ही चूक आपल्याकडे वारंवार होते, त्याचे कारण मला मराठीच्या सवयीत दिसते. ‘तीळ ठेवायलाही जागा नव्हती’, ‘मुंगी शिरायला वाव नव्हता’ असे म्हणताना आपले लक्ष जागेवर असते. मग इंग्रजी लिहितानाही जागाच कर्ता होऊन बसते आणि मासे तिच्या गळ्यात पडतात.

डबा बंद असतो, हेही विसरू नकोस. लिफ्ट किंवा रेल्वेचा डबा यांना ही उपमा शोभते. मोकळ्या मैदानातली गर्दी कितीही मोठी असली, तरी तिला ती नीटशी लागू पडत नाही. ‘स्टँडिंग रूम ओन्ली’चा अर्थ तर आणखी सौम्य आहे: खुर्च्या संपल्या, उभे राहण्यापुरती जागा उरली. आणि तुझ्या त्या सार्डिनच्या वाक्यातले ‘लिटरली’ आधी काढून टाक. माणसे अक्षरशः डब्यात भरलेली नव्हती.

या उपमेत थोडी तक्रार आणि थोडी थट्टा असते, म्हणून चेंगराचेंगरीच्या बातमीत ती कधीही वापरू नये. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे दाटली, तर गर्दी जिवावर बेतू शकते. तेथे जागा किती होती आणि माणसे किती होती, हे सरळ लिहावे.

‘सार्डिन्स’च्या पुढे ‘इन अ टिन’ (डब्यात) लिहिलेस तर ते ब्रिटिश वळण, ‘इन अ कॅन’ अमेरिकन; बाकीच्या लेखाचे वर्णलेखन (स्पेलिंग) ब्रिटिश असल्याने तू पहिलेच ठेव आणि दुरुस्त मसुदा पाठव.

तुझा हितचिंतक