कोरेझमधलं नूतनीकरण केलेलं जुनं दगडी घर घ्यावं का?

तुम्ही पुण्यात राहता, निवृत्ती जवळ आली आहे, फ्रान्सच्या कोरेझमधल्या एका खेड्यात अठराव्या शतकातलं दगडी घर आवडलंय. 2019 मध्ये त्याचं सगळं काम झालंय आणि एजंट म्हणतो, फक्त बॅगा घेऊन या. घ्यावं का, हा तुमचा प्रश्न.

मी शेजारच्याच भागात, लिमोजजवळ, अशाच घरात राहते. माझ्या मते घ्यायला हरकत नाही, पण जास्तीचे पैसे तुम्ही 2019 च्या कामाचे मोजणार आहात, तेव्हा तपासायचं ते कामच. अडीचशे वर्षं उभ्या राहिलेल्या भिंतींनी स्वतःची परीक्षा दिलेली आहे. त्यांना अलीकडे काय फासलंय ते बघा.

या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या. जमिनीतली ओल त्यांच्यात चढते आणि चुन्यातून बाहेर पडते. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला आणि आतून प्लाको, म्हणजे प्लास्टरबोर्ड ठोकला, की ओल आतच कोंडते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजायला लागतात. फोटोत मात्र घर झकास दिसतं. कोकणात जांभ्याच्या जुन्या घराला सिमेंट थापल्यावर होतं तेच. म्हणून घर जूनमध्ये नाही, फेब्रुवारीत पावसानंतर बघा. कपाटांमागे वास घ्या. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर का ते विचारा. हा सगळा पट्टा ग्रॅनाइटचा, त्यामुळे जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी, आरोग्याला घातक वायू येतो. घट्ट नव्या खिडक्या बसवल्या आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा नसली, तर तोही घरातच साठतो.

आता कागद. ठेकेदाराने केलेल्या मोठ्या कामावर फ्रान्समध्ये दहा वर्षांची कायदेशीर हमी असते, गारांती देसेनाल. ती घरासोबत नव्या मालकाकडे येते. काम 2019 मध्ये ताब्यात दिलं असेल तर 2029 पर्यंत. पण बिलं आणि ठेकेदाराच्या विम्याचं प्रमाणपत्र हातात नसेल तर ती वसूल करणं जिकिरीचं. ‘सगळं मीच केलंय’ असं मालक अभिमानाने सांगत असेल तर कायद्याने जबाबदारी त्याच्यावरही येते, फक्त त्याच्यामागे विमा बहुधा नसतो.

खिडक्या-छपराची परवानगीही मागा. गावात संरक्षित वास्तू असेल तर तिच्याभोवती साधारण 500 मीटरच्या परिघात बाहेरच्या प्रत्येक बदलावर सरकारी वारसा-वास्तुविशारदाचं मत घ्यावं लागतं, अगदी खिडकीच्या झडपांच्या रंगावरही. आधीच्या मालकाने परवानगीविना प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील तर ती कटकट आता तुमची.

शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस, वीज, ऊर्जा-श्रेणी यांचे अहवाल विकणाऱ्याने द्यायचे असतात. त्यात सेप्टिक टाकीचा नीट वाचा. ती नियमात बसत नसेल तर विक्रीनंतर वर्षभरात खरेदीदारानेच दुरुस्त करायची असते, आणि नूतनीकरण झालेल्या घरांतही ही टाकी सर्रास जुनीच असते. स्वयंपाकघर दिसतं, टाकी दिसत नाही.

व्यवहार नोतेर, म्हणजे खरेदीखत करणारा सरकारमान्य कायदा अधिकारी, करतो. तुमचा वेगळा नोतेर घेतलात तरी खर्च वाढत नाही, दोघं फी वाटून घेतात. कर धरून हा खर्च जुन्या घराला 7 ते 8 टक्के, म्हणजे 2 लाख युरोच्या घरावर 14 ते 16 हजार. घराच्या दर्जाची तपासणी नोतेर करत नाही. त्यासाठी जुन्या बांधकामातला माणूस स्वतः पैसे देऊन न्यावा, आणि तो प्राथमिक करारावर सही करण्याआधी. सहीनंतर कारण न देता माघार घ्यायला फक्त 10 दिवस मिळतात.

भारतातून पैसे पाठवायला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. घर दरवर्षी परदेशी मालमत्तेत दाखवावं लागेल.

आणि घर घेतलं म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन या युरोपातल्या अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस, एवढंच. सलग सहा महिने राहायचं असेल तर लाँग-स्टे व्हिसा काढा, आणि त्यासाठी उत्पन्न व आरोग्यविम्याचे कागद आतापासून जमवायला घ्या.