दुसऱ्याच्या पात्रांवर फॅन कॉमिक काढतोयस? मग हे वाच

"मी पैसे घेत नाही, मग काय बिघडतं?" या भरवशावर राहू नकोस. फुकट वाटलेली प्रतही प्रतच. 'सर्व हक्क मूळ मालकाचे' ही तळटीप तर उलट कबुलीच ठरू शकते!

अमेरिकेतल्या 'फेअर यूज'चे (परवानगीशिवाय काही प्रमाणात वापर करायची तिथली सवलत) व्हिडिओ बघून इथलं ठरवू नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, टीका-समीक्षेसाठी सवलत आहे. विडंबनाला वेगळी सूट नाही. म्हणून विनोद मूळ कथेलाच चिमटा काढणारा हवा, म्हणजे तो टीकेत बसू शकतो. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाची बाजू उचलून धरली, ती याच मुद्द्यावर. नुसतं लोकप्रिय पात्र उचलून त्याच्या तोंडी ट्रॅफिकचे जोक घातलेस, तर ते विडंबन म्हणून टिकणं कठीण. माझ्या मते ते फारसं हसवतही नाही.

ट्रेडमार्क ही वेगळी भानगड. तिथे वाचकाचा गोंधळ होतो का, हे बघतात. हिंदी कॉमिक्समधल्या 'नागराज'च्या प्रकाशकांनी 'नागेश' या तशाच पात्रावर केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 'नागेश'ला मनाई केली. याउलट २०११ मध्ये कासवांच्या प्रश्नावरून टाटांची खिल्ली उडवणारा ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचा ऑनलाइन गेम थांबवायला त्याच न्यायालयाने नकार दिला.

तेव्हा मुखपृष्ठावर मूळ लोगो नको, अक्षरांची तीच वळणंही नकोत. तुझं नाव मोठं टाक. छापून विकायचं ठरलं, तर आधी वकिलाला दाखव.