मामाचं सुवर्णभस्म आणि लेझर

प्रश्न: माझ्या मामाला तोंडाचा कॅन्सर आहे, बांबोळीला ट्रीटमेंट चालू आहे. मोबाइलवर बघितलं की सोन्याचे नॅनो कण गाठ दाखवतात पण आणि लाइट मारली की जाळतात पण. मामा म्हणतो, मग सुवर्णभस्मच घेतो, ऑपरेशन कशाला? खरं आहे का हे?
– एक भाचा, डिचोली

उत्तर: मामांना म्हणावं, सोनं तेच पण खेळ सगळा आकाराचा. हे कण म्हणजे सिलिकाची गोळी आणि वर सोन्याचं पातळ कवच, सगळं मिळून साधारण १५० नॅनोमीटर, केसाच्या जाडीत पाचशेएक सहज मावतील, आणि कवच असं मोजून चढवतात की ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश शोषून कण तापतो. भस्मात असलं माप कोण बघतो? आणि लेझर नसेल तर हे कण पण नुसते पडून राहतात.

इन्फ्रारेडच का, तर रात्री लाइट गेली की टॉर्चवर तळहात ठेवून बघा, लालच तेवढा बाहेर येतो, बाकीचे रंग रक्त पिऊन टाकतं. इन्फ्रारेड त्याहून जरा आत जातो, पण जाऊन जाऊन एक-दोन सेंटीमीटर. म्हणून खोल गाठीत बारीक फायबर घालून लेझर न्यावा लागतो. अमेरिकेत प्रोस्टेटच्या १६ पेशंटवर असंच केलं, रिझल्ट २०१९ला छापून आला, १५ जणांचं पूर्ण झालं. पण गंमत बघा, गाठ कुठाय ते तिथे एमआरआय आणि सोनोग्राफीने बघितलं, कणांनी नाही! तोच कण दाखवणार आणि तोच जाळणार, हे बहुतेक अजून उंदरांवरच चाललंय. शिवाय रक्तात सोडलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचतात किती, तर २०१६च्या एका आढाव्यात मधला आकडा निघाला ०.७ टक्के, बाकीचे बरेचसे लिव्हर आणि प्लीहेत अडकतात.

प्रकाशाची दुसरी ट्रीटमेंट मात्र खरंच वापरात आहे, फोटोडायनॅमिक. औषध टोचतात, मग लाल लाइट टाकली की तिथला ऑक्सिजन चवताळून पेशी मारतो. त्यातल्या फोटोफ्रिन नावाच्या औषधाला अमेरिकेत १९९५ला परवानगी मिळाली, अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. नंतर निदान ३० दिवस ऊन अंगावर घ्यायचं नाही. (आपल्याकडे काजूच्या दिवसात बागायतदाराला महिनाभर घरात बसवून दाखवा!)

तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर ती चुकवू नका, आणि भस्म आधीच सुरू केलं असेल तर डॉक्टरांना सांगून टाका, ते ओरडले तरी.